पाणी किती कोमट? काचेतल्या समुद्राची गोष्ट

विरजण लावायचं तर दूध किती कोमट हवं, हे आपल्याला कुणी अंशांत शिकवलेलं नाही. करंगळी बुडवायची, सोसवली तर ठीक, चटका बसला तर अजून थांबायचं. पावसाळ्यात थोडं जास्त कोमट, मे महिन्यात जवळजवळ थंडच. आईने असं केलं, सासूने असं केलं, म्हणून आपणही करतो आणि दही लागतं.

याच भरवशावर आमच्या गटाने दोन वर्षांपूर्वी शोभेच्या माशांचा उद्योग घेतला. गोड्या पाण्यातले मासे, गप्पी, मॉली, थोडे एंजल. अंतर्गत कर्ज काढलं, परड्यात सिमेंटच्या तीन टाक्या बांधल्या. प्रशिक्षणात एक छापील कागद मिळाला होता. त्यावर लिहिलेलं, पाणी २६ अंश. बस, एवढंच. मे महिन्याच्या एका दुपारी पाणी हाताला गरम लागलं. आमच्यातल्या एका वैनीने घाबरून शेजारच्या मासळीवाल्याकडून बर्फाची लादी आणली, फोडली आणि टाकीत टाकली. चांगल्या मनानेच केलं. संध्याकाळपर्यंत निम्मे मासे पोट वर करून तरंगत होते. पाणी किती गरम होतं, बर्फाने ते किती उतरलं, कोण जाणे. आमच्याकडे तापमापीच नव्हती. कागद होता.

त्या महिन्याच्या बैठकीत हप्त्यावरून आवाज चढले, ते सांगत बसत नाही. पण एक प्रश्न सगळ्यांच्या डोक्यात राहिला. हा २६ चा आकडा आणला कुणी? गटातल्या एका काकींचा भाचा मुंबईत खाऱ्या पाण्याच्या काचपेट्यांची देखभाल करतो. मोठ्या लोकांच्या दिवाणखान्यात समुद्रच भरून ठेवलेला असतो म्हणे, रंगीत मासे, जिवंत प्रवाळ, सगळं. गणपतीला तो गावी आला तेव्हा आम्ही त्याला धरून बसवलं. तो हसून म्हणाला, "मामी, आमच्यात तर या एका आकड्यावरून भांडणं लागतात. कोण म्हणतो २४, कोण म्हणतो २९." तिथून आम्ही विचारत गेलो, वाचत गेलो. जे हाती लागलं ते आज सांगतो. गोष्ट समुद्राची आहे, काचेची आहे आणि तिच्या सुरुवातीला दोन बायका आहेत. आम्हाला तरी हे माहीत नव्हतं.

पहिली बाई फ्रान्समधली. जान विलप्रू. १७९४ साली झुइयाक नावाच्या खेडेगावात जन्मली. बाप चांभारकाम करायचा. अठराव्या वर्षी ती पॅरिसला निघाली, चारशे किलोमीटरहून जास्त वाट, तीही पायी. तिथे कपडे शिवणाऱ्या बाईकडे मदतनीस म्हणून राहिली आणि हात इतका बसला, की १८१६ मध्ये एका राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखावर तिने काम केलं. पुढे एका इंग्रज व्यापाऱ्याशी, जेम्स पॉवरशी, लग्न होऊन ती इटलीजवळच्या सिसिली बेटावर मेसिना शहरात राहायला गेली. शाळा-कॉलेज काही नाही. पण समुद्र दारात, आणि बाईला प्रश्न पडायची सवय.

तिकडच्या समुद्रात आर्गोनॉट नावाचा एक प्राणी असतो. आपल्या माकुलाच्या भावकीतला, आठ पायांचा, पण मादीच्या अंगावर कागदासारखं पातळ, सुंदर शिंपलं. त्या काळच्या विद्वानांत वाद होता, की हे शिंपलं तिचं स्वतःचं, की तिने दुसऱ्या कुणाचं पळवलेलं? आपल्याकडे नाही का, शंखात शिरून राहणारा खेकडा असतो, तसं. वाद घालणाऱ्यांपुढे मेलेले नमुने होते. जान म्हणाली, जिवंत बघूया. त्यासाठी १८३२ च्या सुमारास तिने पाण्याच्या काचेच्या पेट्या बनवून घेतल्या. एक घरात ठेवायची. दुसरी काचेचीच, पण पिंजऱ्यात बसवून पाण्यात सोडायची. आणि तिसरा नुसता पिंजरा, नांगर लावून किनाऱ्याजवळ समुद्रातच उभा केलेला. तिने पिल्लं वाढताना पाहिली, शिंपल्याचा तुकडा मोडला तर मादी तो स्वतः भरून काढते हे पाहिलं, आणि शिंपलं तिचंच हे सिद्ध झालं. कातानियाच्या विज्ञान अकादमीने तिला सदस्य करून घेतलं. तिथली ती पहिली बाई.

आता पाण्याच्या ऊबेचा विचार करा. तिसऱ्या पिंजऱ्यातलं पाणी म्हणजे समुद्रच. सकाळ-दुपार, उन्हाळा-हिवाळा, समुद्राला जे होईल तेच पिंजऱ्याला. त्यामुळे किती अंश हा प्रश्नच उठला नाही. प्राणी जिथला होता तिथेच होता. शिवणाऱ्या बाईचं कसब आम्हाला इथे दिसतं, अंगाला बेतून कापड, कापडाला बेतून अंग नाही. दुर्दैव असं, की सिसिलीहून बाडबिस्तरा हलवताना तिचे कागद आणि चित्रं जहाजाबरोबर बुडाली. त्यानंतर तिने संशोधन केलंच नाही म्हणतात. १८७१ मध्ये ती आपल्या झुइयाक गावीच वारली. शुक्र ग्रहावरच्या एका खड्ड्याला आता तिचं नाव दिलेलं आहे. पण मत्स्यालय म्हटलं की तिचं नाव किती जणांना आठवतं?

याच समुद्रातलं लाल पोवळं पिढ्यान्‌पिढ्या व्यापाऱ्यांमार्फत आपल्याकडे येत आलं आहे. माळेतलं, अंगठीतलं. ते पोवळं थंड, अंधाऱ्या, खोल पाण्यात वाढतं. आणि दुकानात फोटोत दिसतात ती उथळ, उबदार समुद्रातली झाडांसारखी, मेंदूसारखी प्रवाळं वेगळी. दोन्हींना आपण प्रवाळच म्हणतो, पण एकाचं पाणी दुसऱ्याला चालत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी बाई इंग्लंडमधली, ॲना थिन. जन्म १८०६ चा. घराणं मोठं, नवरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये वरच्या हुद्द्याचा पाद्री. १८४६ मध्ये ती टॉर्की नावाच्या किनाऱ्यावर गेली असताना तिला खडकावरची जिवंत प्रवाळं दिसली. लहान वाटीएवढी, एकेकटी वाढणारी. ती तिच्या इतकी मनात भरली, की तिने ती लंडनला न्यायचं ठरवलं. प्रवासात हिंदकळून मरू नयेत म्हणून तिने काय केलं? सुई-दोरा घेतला आणि ती एका मोठ्या स्पंजला टाचली. पुन्हा सुई-दोराच!

लंडनमध्ये समुद्र नाही. बरोबर आणलेलं खारं पाणी शिळं होऊ लागलं. नवीन पाणी लांबून यायचं, ते सतत कुठून आणणार? तेव्हा तिने एक उपाय काढला. उघड्या खिडकीसमोर उभं राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, पुन्हा पहिल्यात, पुन्हा दुसऱ्यात, असं रोज अर्धा-पाऊण तास. आपण गरम चहा दोन पेल्यांत वरखाली करतो ना, तसं. फरक इतकाच, की आपण निववायला करतो, तिथे पाण्यात हवा मिसळायला केलं. आणि हे रोज कोण करत होतं? घरातली मोलकरीण. तिचं नाव कुठेही लिहिलेलं आम्हाला सापडलं नाही. पुढे ॲनाबाईंनी पाण्यात समुद्राचं शेवाळही ठेवलं, त्याने काम हलकं झालं. प्रवाळं नुसती जगली नाहीत, वाढली, त्यांना पिल्लं झाली. १८५९ मध्ये तिचं हे टिपण एका शास्त्रीय मासिकात छापून आलं.

तिची प्रवाळं लंडनमध्ये का जगली? हवा मिसळली हे खरं, पण दुसरंही कारण आहे. टॉर्कीचा समुद्र थंड. हिवाळ्यात आठ-नऊ अंश, उन्हाळ्यात सोळा-सतरा. लंडनच्या जाड भिंतींच्या घरातलं पाणी त्याच्यापासून फार लांब नव्हतं. न मागता जमलेलं हे. तिने तीच हौस मालवणच्या प्रवाळांवर केली असती तर पहिल्या थंडीतच संपली असती.

यानंतर इंग्लंडमध्ये या छंदाचं वेडच लागलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं मत्स्यालयावरचं पुस्तक आलं, आणि घरोघर काचेच्या पेट्या. त्यासाठी किनाऱ्यावरचे खडक लोकांनी खरवडून काढले. गॉस यांच्या मुलाने पुढे लिहून ठेवलं, की वडिलांच्या पुस्तकामुळेच ते किनारे उजाड झाले, आणि वडिलांना त्याचं फार वाईट वाटायचं. घरी आणलेल्या पेट्यांचं तरी काय झालं? हौसेने उन्हाच्या खिडकीत ठेवल्या, पाणी तापलं, कुजलं, वास सुटला. तांब्याभर पाणी उन्हात किती लवकर तापतं आणि विहिरीचं किती उशिरा, हे आपल्या घरातल्या लहान मुलीलाही ठाऊक असतं. त्यांना ते पैसे घालवून कळलं.

ज्याने हे नीट ओळखलं तो विल्यम अल्फर्ड लॉइड. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने मोठं मत्स्यालय उभं केलं. लोकांना दिसायच्या टाक्या वर, आणि त्यांच्याहून कितीतरी पट मोठा हौद खाली अंधारात. पंपाने पाणी सतत वर-खाली फिरतं ठेवायचं. दिसायच्या टाकीत तापलेलं पाणी खालच्या हौदात जाऊन निवतं. आज घरच्या काचपेटीखाली कपाटात लपवलेली दुसरी टाकी असते, ती त्याच हौदाची नात. आमच्या परड्यातल्या टाक्या उथळ होत्या आणि डोक्यावर ऊन, हे आठवून आम्ही तेव्हा एकमेकींकडे बघितलं.

इथपर्यंत सगळा खेळ थंड समुद्राचा आणि पाणी गार कसं ठेवायचं याचा. उष्ण समुद्रातल्या प्रवाळाला किती ऊब लागते आणि किती सोसते, हे मोजून बघायला विसावं शतक उजाडावं लागलं. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याच्या टोकाला ड्राय टोर्टुगास नावाची छोटी बेटं आहेत. १९०४ मध्ये तिथे एक प्रयोगशाळा स्थापन झाली, तिचे प्रमुख आल्फ्रेड मेयर. त्यांनी वेगवेगळी प्रवाळं आणि इतर समुद्रजीव पाण्यात ठेवून ते पाणी हळूहळू तापवलं, कुठे कोण मरतं ते लिहून काढलं. १९१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला मरे बेटावर जाऊन तिथेही पाहणी केली. १९१४ मध्ये जे छापलं ते वाचून आम्हाला धक्का बसला. आपल्याला वाटतं, उष्ण देशातला जीव म्हणजे उष्णता सोसणारा. प्रत्यक्षात उष्ण समुद्रातले हे जीव भर उन्हाळ्यात आपल्या मरणाच्या उष्णतेपासून जेमतेम पाच अंश खाली जगत असतात. थंड समुद्रातल्यांना वर सरकायला पुष्कळ जागा असते, यांना नाही. म्हणजे काठोकाठ भरलेली कळशी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईसारखं त्यांचं जगणं. थोडं हललं की सांडलं.

मग १९२८-२९ मध्ये ब्रिटिश अभ्यासकांची एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, लो आयल्स नावाच्या बेटावर, वर्षभर राहिली. प्रमुख होते मॉरिस यंग. तुकडीत बायकाही होत्या, शीना मार्शल, सिडनी मँटन, एलिझाबेथ फ्रेझर, आणि डॉक्टर म्हणून यंग यांची पत्नी मॅटी. तिथल्या प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या अंगात अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. शेवाळ उन्हावर अन्न करतं, प्रवाळ त्याला घर देतो. दोघांचा संसार. पाणी जास्त तापलं की प्रवाळ त्या शेवाळाला अंगाबाहेर टाकतो. रंग शेवाळाचा, ते गेलं की उरतं पारदर्शक अंग आणि आतला चुन्याचा पांढरा सांगाडा. प्रवाळ पांढरा पडला म्हणतात तो असा. तो लगेच मरत नाही. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येतं. नाही निवलं तर उपाशी मरतो.

घरच्या काचपेटीत उष्ण समुद्राचं प्रवाळ जगवणारा पहिल्या काही जणांतला माणूस कोण असेल, तर जकार्ताचा ली चिन एंग. इंडोनेशियातला. १९६१ मध्ये त्याने आपली पद्धत एका अमेरिकन मासिकात लिहिली. समुद्रातला जिवंत दगड, म्हणजे ज्यावर बारीकसारीक जीव राहतात तो, समुद्राचंच पाणी, सूर्याचं ऊन आणि थोडे हवेचे बुडबुडे. संपलं. युरोप-अमेरिकेतले लोक थक्क झाले. त्यांनी तसंच करून पाहिलं तर कित्येकांचं सगळं मेलं. साधी गोष्ट होती. लीच्या घराबाहेरची हवा आणि त्याच्या प्रवाळांचा समुद्र यांची ऊब जवळजवळ एकच. त्याला हीटर लागतच नव्हता. जान बाईचा समुद्रातला पिंजरा आठवा. आम्हाला वाटतं, ली चिन एंगच्या हुशारीत निम्मा वाटा जकार्ताच्या हवेचा होता, आणि उरलेला निम्मा हे ओळखण्याचा, की आपल्याला काय करायची गरज नाही.

थंड देशांत मात्र हीटर आला, आणि हीटरवर आकडा लावायचा तर कुठला? साधारण २४-२५ अंशांचा रिवाज पडला. खोली थंड, वीज महाग, आणि कमी उष्णतेत पाण्यात प्राणवायूही जास्त राहतो. १९९७ च्या सुमारास रॉन शिमेक नावाच्या समुद्रजीव अभ्यासकाने म्हटलं, की अहो, ही प्रवाळं जिथून आणली तिथला समुद्र २७-२८, कधी २९ अंशांचा आहे. तुम्ही त्यांना थंडीत कुडकुडत ठेवलंय. १९९९ मध्ये जोन क्लायपस या बाईंनी दोन सहकाऱ्यांबरोबर जगभरातल्या जवळजवळ हजार प्रवाळ-जागांचं पाणी तपासून जी सरासरी काढली, तीही २७-२८ च्या मध्येच आली. पण त्यातच हेही दिसलं, की कुठे हिवाळ्यात सोळा अंशांपर्यंत पाणी उतरतं, कुठे उन्हाळ्यात चौतीसपर्यंत चढतं. आमच्या कोकणातली कितीतरी माणसं आखातात कामाला आहेत. तिथल्या समुद्रात प्रवाळं चौतीस-पस्तीस अंशही काढतात. त्यांचे जातभाई दुसऱ्या समुद्रात एकतीसला पांढरे पडतात. म्हणजे भाच्याच्या धंद्यात भांडण लागतं ते उगाच नाही. दोघंही खरं बोलत असतात. फक्त कुठलं प्रवाळ, हे कोणी विचारत नाही.

मग घरी काचपेटी असेल तर करायचं काय? भाचा सांगतो ते आम्हाला पटलं. सरासरी समुद्र २७-२८ चा असला तरी तो पेटी २५-२६ वर ठेवतो. कारण समुद्र प्रचंड, तो एका दुपारी दोन अंश चढत नाही. पेटी चढते. वीज गेली, पंप थांबला, शीतक यंत्र बंद पडलं, तर २६ वरून चढायला जागा राहते, २९ वरून राहत नाही. मेयर यांची भरलेली कळशी इथेच आठवायची, थोडी ऊन भरायची म्हणजे सांडत नाही. आणि आकड्यापेक्षा जास्त महत्त्व चढ-उताराला. दिवसात अंशभर हललं तर चालतं, एका तासात चार-पाच अंश नाही. बर्फ टाकायचा नाही, ते आम्ही शिकलोच. तापमापी एक नाही, दोन, म्हणजे एक खोटं बोलली तर कळतं.

पाणी निववायचा सगळ्यात स्वस्त उपाय तर आपल्या माठातलाच. पाण्यावर पंखा सोडायचा. वाफ होते, वाफ जाताना उष्णता घेऊन जाते, पाणी दोनेक अंश उतरतं. पण माठ विदर्भात जसा गार होतो तसा कोकणात होत नाही, हे माहेरवाशिणींना विचारा. हवा दमट असली की वाफ होत नाही. पंख्याचंही तेच. आणि खाऱ्या पेटीत एक गोष्ट नव्या माणसाकडून हमखास चुकते. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागे राहतं. मिठागर बघितलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. म्हणून जितकं पाणी उडालं तितकं गोडं पाणी वरून घालायचं. खारं घातलं तर चार दिवसांत पेटीचं मिठागर होईल.

एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो, कारण मागच्या कार्यक्रमानंतर दोघींनी विचारलं होतं, की आपल्या समुद्रातलं प्रवाळ काढून विकता येईल का. नाही. २००१ पासून खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. जिवंत काढणं, सुकलेलं विकणं, दोन्ही गुन्हा. इंग्लंडचे किनारे कसे खरवडले गेले ते आत्ताच सांगितलं. आपल्याकडे मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळं आहेत, ती बघायला पाहुणे येतात, बुड्या मारतात, आणि त्यांच्यासाठी जेवण रांधून किती घरं चालतात हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आणि तिथेच आता हा तापमानाचा प्रश्न येऊन बसला आहे. शास्त्रज्ञांचा हिशेब असा, की एखाद्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्यात पाण्याची जी सरासरी असते, तिच्यापेक्षा एक अंश जास्त पाणी चार आठवडे राहिलं, की प्रवाळ पांढरं पडायला लागतं. दुप्पट ताप साचला, की मरायला लागतं. एक अंश! आपल्या हाताला कळणारही नाही. १९९८ मध्ये लक्षद्वीपची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली, २०१० आणि २०१६ मध्ये पुन्हा. मालवणच्या प्रवाळांतही पांढरेपणा अभ्यासकांनी नोंदवला आहे. पेटीत पाणी तापलं तर पंखा लावता येतो. समुद्राला कोण पंखा लावणार?

२०२३ च्या जुलैमध्ये फ्लोरिडात काय झालं ते ऐका. मेयर यांनी पाणी तापवून बघितलं होतं तोच मुलूख. मॅनाटी बे नावाच्या उथळ, गाळाच्या खाडीत समुद्रातल्या मोजयंत्राने ३८.४ अंश नोंदवले. आपल्याला एवढा ताप आला तर आपण डॉक्टर गाठतो. ती खाडी प्रवाळांची जागा नाही, पण बाहेर प्रवाळ-खडकांवरही पाणी नेहमीपेक्षा खूप तापलं होतं. तेव्हा तिथल्या लोकांनी समुद्रात लावलेली प्रवाळाची हजारो रोपं, हो, तिथे प्रवाळाच्या रोपवाटिका आहेत, पाण्याखाली जाऊन काढली, बादल्यांत, खोक्यांत घातली, ओली ठेवून गाडीने किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत नेली आणि थंड पाण्याच्या टाक्यांत ठेवली. जान बाईने प्राणी बघायला पेटी केली. ॲनाबाईंनी हौसेला केली. आता समुद्रातून माहेरी आणल्यासारखी प्रवाळं पेटीत आणावी लागली, समुद्र निवेपर्यंत.

हवाईमध्ये रूथ गेट्स नावाच्या बाई होत्या, २०१८ मध्ये वारल्या. ऑस्ट्रेलियातल्या मॅडेलिन व्हॅन ओपेन यांच्याबरोबर त्यांनी उलटा विचार केला. टाक्यांत पाणी मुद्दाम थोडं जास्त ऊन ठेवायचं, त्यातून जी प्रवाळं तग धरतील त्यांचं बी पुढे न्यायचं. खाचरात दुष्काळात तगलेल्या भाताचं बी राखून ठेवतो तसं. ऑस्ट्रेलियात टाऊन्सविलच्या समुद्र-संस्थेत त्यासाठी मोठमोठ्या टाक्या आहेत, पाण्याचा अंशाचा दहावा भागही तिथे ठरवून ठेवता येतो. यातून किती समुद्र वाचेल हे आज कोणी सांगू शकत नाही. टाकी कितीही मोठी केली तरी समुद्रापुढे ती तांब्याच.

आमच्या टाक्यांचं विचाराल तर त्या चालू आहेत. वर नारळाच्या झापांचा मांडव घातला, एक टाकी खोल करून घेतली. बर्फवाल्या वैनीच आता तापमान लिहितात, त्यांनी स्वतः मागून घेतलं ते काम. बचतीच्या रजिस्टरमागे एक वही ठेवली आहे. तीत तारीख, वेळ, पाणी, आणि लिहिणारीचं नाव. नावाचा रकाना आम्ही मुद्दाम घातला, ती खिडकीपाशी पाणी ओतणारी मोलकरीण डोक्यातून जात नव्हती म्हणून. छापील कागदावरचा २६ आकडा खोडलेला नाही, पण त्याच्या बाजूला आमचे आकडे आहेत. आमचे गप्पी ३० पर्यंत मजेत असतात, एंजलना गारठा सोसत नाही. काल सकाळी सातला २७, दुपारी तीनला ३०. एकही मासा मेला नाही.

तुमच्या गावात कुणी मासे पाळत असेल, किंवा किनाऱ्यावर पांढरं पडलेलं प्रवाळ कुणाच्या घरधन्याला बुडी मारताना दिसलं असेल, तर केंद्रावर फोन करून सांगा. तारीख आणि जागा तेवढी आठवून ठेवा. नमस्कार.